पेन्सिलीतला गुरुवार

शैले, रविवारी दुपारी मला तुझ्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं आहे. तेरावा खरं तर सोमवारी येतो, पण सोमवारी सुट्टी कोणाला आहे? म्हणून रविवार, क्वेकर्स हिलचा कम्युनिटी हॉल, दोन ते चार. चारला हॉल रिकामा करून द्यायचा, खुर्च्या आपणच उचलून ठेवायच्या. जन्मभर तू दोन-दोन ठिकाणच्या वेळा सांभाळत धावलीस आणि आता तुझ्या तेराव्यालाही आम्ही घड्याळ लावून बसणार आहोत.

मिलिंदचा फोन आला होता. "मंगल, तू बोल. तिला सगळ्यात जास्त तू ओळखत होतीस." तुझा नवराच असं म्हणाल्यावर नाही कसं म्हणणार? मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि तेव्हापासून हे चालू आहे. चार ओळी लिहिते, उठते, किटली लावते, चहा न करताच परत येते. पहिल्या कागदावर तुझं शिक्षण, नोकरी असं सगळं ओळीने लिहिलं होतं. तो फाडला. ते तुझ्या बायोडेटात आहे आणि तो बायोडेटाही मीच टाइप करून दिला होता. दुसऱ्या कागदावर लिहिलं की तू फार हसरी होतीस. तोही फाडला. हसरी कसली डोंबलाची? तू वॉर्डात शिरलीस की लोक हातातला मोबाइल खिशात घालायचे.

खरं सांगायचं तर मला तुझ्याबद्दल बोलायचंच नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण टी-रूममध्ये अर्धवट राहिलं आणि तू शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवून निघून गेलीस. ही तुझी जुनीच खोड.

मुंबईच्या नर्सिंग हॉस्टेलपासूनची. मी कल्याणची, वह्यांना कव्हर घालणारी. तू नाशिक रोडची, रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या गेल्या की जेवणाचं ताट सोडून गॅलरीत धावणारी. शेवटच्या वर्षाला तू लष्करी नर्सिंगसाठी अर्ज केलास. मुलाखतीचं पत्र आलं ते तुझ्या बाबांच्या हातात पडलं. त्यांनी ते कपाटात घातलेल्या वर्तमानपत्राच्या कागदाखाली ठेवून दिलं. दिवाळीच्या साफसफाईत तुला सापडलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. तू रडली नाहीस, आरडाओरडा केला नाहीस. हॉस्टेलला परत आल्यावर फक्त एवढंच म्हणालीस, "मंगे, माझी तारीख दुसऱ्या कोणी टाळायची नाही. टाळायची तर मी टाळीन." त्या वेळी मला ते फार बाणेदार वाटलं होतं. आता त्या वाक्याचा मला राग येतो.

मग लग्नं, व्हिसे, सिडनी. आधी मी आले, दोन वर्षांनी तू. एकाच हॉस्पिटलच्या एकाच आयसीयूत आपण दोघी, हा योगायोग नव्हता; तुझ्यासाठी मी मॅनेजरचं डोकं खाल्लं होतं. तुझी इरा शाळेत जायला लागली, तुम्हाला सिटिझनशिप मिळाली आणि एके दिवशी टोस्टला लोणी लावता लावता तू बॉम्ब टाकलास.

"मंगे, मला एअर फोर्सने घेतलं."

"का? इथले पेशंट कमी पडले?"

"पार्ट-टाइम गं. रिझर्व्ह. महिन्यातले काही दिवस त्यांचे. फ्लाइट नर्स. कुठे काही झालं की विमानातून पेशंट आणायचे."

"वय किती तुझं?"

"छत्तीस. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांना चाललं. तुला का चालत नाहीये?"

मला का चालत नव्हतं, ते मी तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते. मला हेवा वाटला. मी दहा वर्षं त्याच आयसीयूत त्याच खुर्चीवर बसून चाळीस जणींचं रोस्टर आखत होते आणि तू टोस्ट खाता खाता आभाळात जाणार होतीस. त्यावर मी तुला जे ऐकवलं ते सगळं संसाराबद्दल, मुलीबद्दल आणि मिलिंदच्या जेवणाबद्दल होतं. हेवा असला की बायका एकमेकींना संसाराची आठवण करून देतात.

पण तू केलंस. वॉर्डातून सुटलीस की गाडीतच गणवेश चढवून अर्ध्या तासावरच्या बेसवर जायचीस. तुला त्यांनी पाण्याच्या टाकीत खुर्चीला बांधून उलटं बुडवलं, बाहेर कसं पडायचं ते शिकवायला. चौपाटीवर घोट्याच्या वर पाण्यात न जाणारी तू, ते सांगताना तुझे डोळे चमकत होते. मी म्हटलं, "एवढे पैसे देऊन बुडवून घेतात का कोणी?" तू म्हणालीस, "पैसे तेच देतात, वेडे."

त्याच वर्षांत सिडनीत विद्यार्थ्यांचा पूर आला. क्वेकर्स हिलच्या स्टेशनवर संध्याकाळी बघावं तर पाठीवर सॅक लावलेली पोरंपोरीच. अकाउंटिंग शिकणारी, कुकिंग शिकणारी, दिवसा कॉलेज आणि उरलेल्या वेळात ट्रॉल्या ढकलणारी. तुमच्या घरातल्या पुढच्या खोलीत दोघी राहायला आल्या, एक नागपूरची, एक जालंधरची. तू बेसवर असलीस की इराला शाळेतून आणायचं काम त्यांचं. आपल्या वॉर्डात तर नर्सिंगचे परदेशी विद्यार्थी इतके की एकेका नर्समागे दोन-दोन. कोणी शिकवायला तयार नसायचं. मी रोस्टर घेऊन फिरायचे, "कोण घेतंय स्टुडंट?" आणि तुझा हात आधी वर.

"तुला नाही म्हणता येतं का गं कधी?" मी विचारलं होतं.

"तुला म्हणता येतं ना, मग झालं. आपल्या दोघींत मिळून एक शहाणी बाई आहे."

दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस उभी राहशील, हे मी तुला किती वेळा म्हटलं असेन! तू फ्रीजवर एक पांढरा बोर्ड लावला होतास. त्यावर दोन रकाने, डावीकडे हॉस्पिटल, उजवीकडे बेस. हॉस्पिटलला बेसचा रकाना माहीत नव्हता, बेसला हॉस्पिटलचा. तिकडे विमानातून उतरल्यावर सक्तीची विश्रांती असायची आणि ती तू इथे ड्यूटी करून घ्यायचीस. दोन्ही रकाने एकत्र फक्त मला दिसायचे, कारण तुझ्या सगळ्या अदलाबदल्या माझ्या हातून व्हायच्या. आपल्याकडची पद्धत तुला सांगायला नको. शुक्रवारपर्यंत रोस्टर पेन्सिलीत, शुक्रवारी दुपारी पेनाने पक्कं. त्यानंतर कोणाला शिफ्ट बदलायची असेल तर त्या लाल वहीत लिहायचं, बदलणाऱ्या दोघींच्या सह्या. तुझ्या नावापुढे मी पेन आधी टेकवतच नसे. खोडरबराने तिथला कागद पातळ झाला आहे.

उपकार म्हणून सांगत नाही. उपकार तुझे माझ्यावर होते. विमानात इतका आवाज असतो की स्टेथोस्कोपचा उपयोग नाही, हे तू पहिल्या फेरीनंतर येऊन सांगितलंस. "कान बंद, मंगे. फक्त डोळे आणि हात." आणि तू वॉर्डातही तशीच वागायला लागलीस. मशीनकडे बघण्याआधी पेशंटच्या छातीवर हात ठेवून थांबायचीस. पोरं आधी हसायची, मग तीही ठेवायला लागली. मग मी. पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर मला कोणी काही नवीन शिकवलं असेल तर ते तू. आणखी एक शिकवलंस. श्वासनळीत घातलेल्या नळीला एक छोटा फुगा असतो, नळी जागेवर धरून ठेवायला. इथे त्यात आपण हवा भरतो. विमान वर गेलं की हवा फुगते आणि आतून घशाला इजा होते, म्हणून तिकडे त्यात पाणी भरतात. हे सांगताना तू इतकी खूश होतीस, जसं काही पाणी तूच शोधून काढलंस.

आता त्या भांडणाकडे येते. टाळत होते.

मे महिन्यात तू पहिल्यांदा म्हणालीस की मान धरते, डोकं दुखतं. झोप नाही, म्हटलं. मग जूनमधली ती सकाळ. औषधांच्या खोलीत आपण दोघी मोजणी करत होतो आणि तू एकदम भिंतीला धरून खाली बसलीस. चेहरा पांढरा. म्हणालीस, कोणीतरी डोक्यात मागून लाथ मारल्यासारखं वाटलं. शैले, पेशंटने हे वाक्य म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? धावत डॉक्टरला आणलं असतं. विद्यार्थ्यांना आपण पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. एकदम आलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, थांबायचं नाही, स्कॅन. तू शिकवायचीस, मी शिकवायचे. आणि त्या दिवशी मी काय केलं? दार लावून घेतलं. तुला दोन गोळ्या दिल्या, साखर घालून चहा आणला आणि अर्धा तास तुझ्या जागी उभी राहिले. एका पेशंटलाही आपण दोघींनी असं वागवलं नसतं.

"डॉक्टरांना दाखव," मी म्हटलं.

"दाखवीन. पण कागदावर नको. एकदा कागदावर आलं की फ्लाइट मेडिकलमध्ये मला सांगावंच लागेल. ग्राउंड करतील, विमानात चढू देणार नाहीत."

"करू दे."

"मंगे." तू माझा हात धरलास. "आत्ताच मेडिकल झालं, पास झाले. फॉर्मवर डोकेदुखीच्या चौकोनात नाही लिहिलंय. आता कसं बदलू? वर्षभर चौकशी चालेल. माझं वय बघ. मला परत कोणी वर नेणार नाही. तू मिलिंदला बोलायचं नाहीस. बेसवर तर नाहीच."

"आणि मी सांगितलं तर?"

"तर मी तुला ओळखत नाही."

मला माहीत होतं, तू हे खरं करशील. बाबांशी सहा वर्षं बोलली नव्हतीस. म्हणून मी अर्धी शहाणी झाले. सांगितलं नाही, पण ओळखीने एका ठिकाणी स्कॅनची वेळ घेतली, गुपचूप, गुरुवारची. रोस्टरमध्ये तुला बुधवार-शुक्रवार ड्यूटी दिली आणि गुरुवारच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक 'स्कॅ' लिहिलं. कोणी विचारलं तर सुट्टी. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

मंगळवारी तू टी-रूममध्ये आलीस, उभ्यानेच. कुठल्याशा बेटावर बोटीवर स्फोट झाला होता, भाजलेली माणसं आणायची होती. बेसवर दोघी नर्स आजारी. बुधवार ते शुक्रवार.

"गुरुवार बदल."

"नाही बदलणार."

"बुधवार आणि शुक्रवार पण कोणीतरी घे."

"शैले, ऐकायला येतंय का तुला? नाही म्हणते आहे मी. एकदा तरी त्यांना सांग की जमत नाही."

"ते लोक भाजलेत, मंगे. माझं डोकं दुखतंय. दोन्ही एका तराजूत कसं घालू?"

"डोकं दुखतंय? काय आहे ते तुला माहीत आहे. मला माहीत आहे. उगाच वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस."

तू दारापर्यंत गेलीस, वळलीस आणि म्हणालीस, "माझी तारीख कोणी दुसऱ्याने ठरवायची नाही." मी काही बोलेपर्यंत दार बंद झालं होतं. म्हणून म्हटलं, भांडण अर्धवट राहिलं.

अर्धवट राहिलं, पण हरले मीच. तासाभराने मी लाल वही काढली. तुझा बुधवार आणि शुक्रवार कोणी घेणार नव्हतं, म्हणून मीच घेतला. आधी माझी सही, मग निघता निघता येऊन खाली तुझी. सही करताना तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस. मग मी खोडरबर घेतलं आणि गुरुवारच्या चौकोनातलं 'स्कॅ' खोडलं. स्कॅनची पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. मी ती घेतली. तीन आठवड्यांत काय होतंय, असं मी मनात म्हटलं होतं. हे मला आठवतं.

शनिवारी तू परत आलीस ती काय खुशीत! एका भाजलेल्या बाईने तीन तास तुझा अंगठा सोडला नव्हता. विमानात काही ऐकू येत नव्हतं, तर ती तुझ्या ओठांकडे बघत होती आणि तू तिच्याशी मराठीत बोलत होतीस. "काय बोललीस?" मी विचारलं. "काही नाही गं, आता उतरू, आता उतरू." ती बाई जगली. तुझ्या बेसवरच्या माणसांनी परवा सांगितलं. हे मी कुठे ठेवू, शैले? तू गेली नसतीस तर ती आज नसती, असं म्हणू का? की मी तुला जाऊ दिलं नसतं तर तू असतीस? रोज दोन्ही मांडते, कुठलंच जुळत नाही.

त्या सोमवारी तुझे दोन्ही रकाने रिकामे होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी कचऱ्याचा बिन रस्त्यावर ठेवायला म्हणून तू बाहेर गेलीस आणि ड्राइव्हवेवर पडलीस. पुढच्या खोलीतल्या नव्या भाडेकरू मुलीने बघितलं. तुला आपल्याच आयसीयूत आणलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. खाटेपुढे कोणत्या नर्सचं नाव लिहायचं ते ठरवणं माझं काम. मी माझं लिहिलं. डॉक्टरांनी नळी घातली आणि तिच्या फुग्यात मी हवा भरली. हवा, पाणी नाही. तू आता कुठे वर जाणार नव्हतीस. हात थांबला तेव्हा बाजूच्या विद्यार्थिनीने विचारलं, "सिस्टर, यू ओके?" मी म्हटलं, "प्रेशर चेक कर." मग मी तुझ्या छातीवर हात ठेवला, तू शिकवलंस तसा. मशीन श्वास देत होतं आणि छाती वर-खाली होत होती. बुधवारी दुपारी ते मशीन बंद केलं.

पण त्याआधी, मंगळवारी, कॉरिडॉरमध्ये मिलिंद माझ्यासमोर आला. दोन दिवसांची दाढी. इरा मागे व्हेंडिंग मशीनपाशी उभी होती, हातात न फोडलेलं चिप्सचं पाकीट.

"मंगल, डॉक्टर विचारतायत, आधी काही त्रास होता का. डोकं वगैरे? मला कधी काही बोलली नाही. तुला बोलली होती?"

"नाही रे," मी म्हटलं. "काहीच नाही."

हे असं सहज आलं. मी आयुष्यात एवढं साफ खोटं कधी बोलले नव्हते. तुला दिलेलं वचन पाळलं, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खोटं. मी घाबरले होते. लाल वहीतल्या त्या पानावर दोन सह्या आहेत आणि त्यातली एक माझी आहे.

क्रिमेटोरियममध्ये बेसवरचे चौघे आले होते, इस्त्रीच्या कडक गणवेशात. त्यांच्यातली एक उंच बाई माझ्याशी बोलली. तुम्ही तिच्या बेस्ट फ्रेंड ना, म्हणाली. तुझं किती कौतुक केलं तिने. शेवटी म्हणाली, "शी पास्ड एव्हरी मेडिकल, यू नो. नॉट अ थिंग." मी मान डोलावली.

तर मिलिंद म्हणतो, तू बोल, तिला सगळ्यात जास्त तू ओळखत होतीस. आता कळलं का, चार ओळी झाल्या की मी का उठते?

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज शनिवार.

सकाळी मिलिंदने सांगितलं, हॉलमध्ये लावायला फोटो मोठा करून आणायचा आहे, इराला घेऊन जा. इरा सोळाची झाली, शिकाऊ लायसन्स आहे, गाडीला पिवळी एल-प्लेट. "मावशी, कॅन आय ड्राइव्ह?" म्हणाली. मी बाजूला बसले. मांडीवर तुझे दोन फोटो, एक साडीतला, एक गणवेशातला. मिलिंदला साडीतला हवा आहे, इराला गणवेशातला. त्यावरही तुमच्या घरात भांडण आहे, तुला ऐकून बरं वाटेल. गाडीच्या कप्प्यात इराची लॉगबुक होती. किती तास चालवलं, कोणी बाजूला बसून शिकवलं, त्याची सही. मी उघडली. पानंच्या पानं तुझ्या सह्या. तुला वेळ कुठून मिळाला गं?

तिने कॅसल हिलच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, अगदी रेषांच्या मधोमध, तुझ्यासारखी. इंजिन बंद केलं. मी दार उघडलं नाही.

"इरा, थांब. मला तुला एक सांगायचं आहे. मग तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस."

आणि मी सांगितलं. मान, औषधांची खोली, दोन गोळ्या, चहा, गुरुवार, लाल वही, खोडरबर. मध्ये थांबले नाही, रडले नाही, कारण थांबले असते तर परत सुरू झालं नसतं. ती समोर बघत होती, दोन्ही हात अजून स्टीअरिंगवर.

"तू बाबाला नो म्हणालीस," ती म्हणाली. "आय वॉज देअर."

"हो. खोटं बोलले."

मग तिने खालचा ओठ दाताखाली धरला, अगदी तुझ्यासारखा.

"मला पण माहीत होतं, मावशी."

"काय माहीत होतं?"

"मी ड्राइव्ह करत होते, मम्मी इथे बसली होती, व्हेअर यू आर. ती म्हणाली, इरा, पुढचे बोर्ड वाचून दाखव. आय थॉट प्रॅक्टिस आहे. मी सगळे वाचले. मग ती म्हणाली तिला सगळं डबल दिसतंय. टू ऑफ एव्हरीथिंग. थोड्या वेळाने गेलं. शी मेड मी प्रॉमिस. बाबाला नको सांगू, अँड डोन्ट टेल मंगलमावशी, ती लगेच सगळं थांबवेल."

शैले! मला डोकं सांगितलंस आणि हिला डोळे. अर्धं अर्धं. डोकं आणि दुहेरी दिसणं दोन्ही कळलं असतं तर मी तुला कॉलर धरून नेलं असतं, तुझी मैत्री गेली खड्ड्यात. तुला ते माहीत होतं. फ्रीजवरच्या बोर्डसारखे तू आम्हा दोघींचे दोन रकाने केलेस आणि एकीला दुसरीचा दिसू दिला नाहीस. बेसला फसवलंस, हॉस्पिटलला फसवलंस, ते समजू शकते. पण सोळा वर्षांच्या पोरीवर हे ओझं? हे तुला माफ नाही. आज तरी नाही.

"मग तू का नाही बोललीस, बाळा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आय वॉज गोइंग टू. तिथे हॉस्पिटलमध्ये बाबाने विचारलं तेव्हा. आय वॉज अबाउट टू. मग तू म्हणालीस, काहीच नाही. सो आय थॉट, मंगलमावशीला माहीत नाही, कोणालाच नाही, जस्ट मी. जस्ट मी न्यू, अँड आय डिडन्ट टेल."

बारा दिवस, शैले. बारा दिवस ती पोर एकटी हे घेऊन झोपली, उठली, लोकांना पाणी दिलं, फोटो निवडले. माझ्या दोन शब्दांमुळे. मी समजत होते की माझं खोटं माझ्यापुरतं आहे.

मी तिला जवळ घेतलं. मधल्या गिअरचं टोक बरगडीत रुतलं होतं, तरी सोडलं नाही. ती मोठ्याने रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. शेजारच्या गाडीतली बाई सामानाच्या पिशव्या तशाच धरून थांबली, मग तोंड फिरवून घेतलं.

"बाबाला कळलं तर?" इरा नाक पुसत म्हणाली. "ही विल हेट मी."

"तुझा राग नाही करणार. माझा केला तर करू दे."

"फोटो?"

"फोटो नंतर. गाडी वळव, घरी जाऊ."

तिने आरसा बघितला, मागे बघितलं, परत आरसा बघितला. व्यवस्थित शिकवलंस तिला. क्वेकर्स हिलचा उतार आला तशी ती मोठ्याने बोर्ड वाचायला लागली, एकेक रस्त्याचं नाव, आणि मी ऐकत राहिले.

मिलिंद दारातच होता. "झाला मोठा? कोणता दिलात शेवटी?" मग त्याने आमचे चेहरे बघितले आणि दारातून बाजूला झाला.

"बाबा, बस," इरा म्हणाली. "आम्हाला दोघींना तुला सांगायचंय."

तो सोफ्यावर बसला. समोर फ्रीजवर तुझा बोर्ड अजून तसाच आहे, कोणी पुसला नाही. इराने तोंड उघडलं, पण मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं. वहीत पहिली सही माझी होती.